रिपोर्ट वाचताना एकदा पायांकडेही बघा

ज्येष्ठांवर उपचार करणाऱ्या सर्व फॅमिली डॉक्टरांना आणि फिजिशियनना,

सप्रेम नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत साठी-सत्तरी ओलांडलेलेच जास्त, आणि त्यातले बरेचसे तुम्हीच पाठवलेले. येताना ते फाईल घेऊन येतात. रक्ताचे रिपोर्ट तारखेनुसार लावलेले, हद्दीबाहेर गेलेला आकडा लॅबने ठळक केलेला, त्याभोवती तुमच्या पेनाचा गोल. केसपेपरवर औषधं व्यवस्थित लिहिलेली: नाव, किती मिलिग्रॅम, जेवणाआधी की नंतर, किती दिवस. आणि सगळ्यात खाली, उरलेल्या जागेत, एक ओळ: 'रोज चालणे'. किती, किती जोरात, आठवड्यातून किती दिवस, आणि ज्याला चालताच येत नाही त्याने काय करायचं, यातलं काहीच नाही.

हे पत्र त्या ओळीबद्दल आहे आणि पेनाने काढलेल्या त्या गोलांबद्दलही. माझं म्हणणं असं की म्हातारपणातला रक्ताचा रिपोर्ट आपण स्नायूंना वगळून वाचतो. त्यामुळे होतं काय, की तो रिपोर्ट बसून राहणाऱ्याला शाबासकी देतो आणि व्यायामाला लागलेल्याला घाबरवतो. तुम्हाला शरीरशास्त्र शिकवायचा आव मी आणणार नाही. पण तुमच्या खोलीत पेशंट बसलेला असतो आणि माझ्याकडे तो उठून उभा राहतो, एवढ्या फरकामुळे काही गोष्टी मला आधी दिसतात.

एक ७४ वर्षांच्या बाई आल्या होत्या. तक्रार काय, तर 'जिना चढताना कठडा धरावा लागतो'. शुगर, क्रिएटिनिन, थायरॉइड सगळं हद्दीत. 'डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट अगदी तरुणांसारखे आहेत,' हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी त्यांना हात छातीवर घडी घालून खुर्चीतून उठायला सांगितलं. त्या पुढे झुकल्या, गुडघे आतल्या बाजूला वळले, आणि घडी सुटून हात आपोआप खुर्चीच्या दांड्यांवर गेले. दुसऱ्यांदा तेच. हाताच्या आधाराशिवाय त्यांना एकदाही उठता आलं नाही. आता त्यांच्या क्रिएटिनिनकडे बघा. ते येतं स्नायूंतून. स्नायूंतल्या क्रिएटिनपासून ते रोज तयार होतं, मूत्रपिंड ते बाहेर टाकतं, आणि रक्तातला आकडा म्हणजे या जमाखर्चातली शिल्लक. स्नायू झिजले की जमाच कमी होते. मग मूत्रपिंड मंदावलेलं असलं तरी शिल्लक नॉर्मल दिसते. त्या आकड्यावरून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, काढणाऱ्या सूत्राला वय आणि लिंग कळतं, मांडी किती सुकली आहे ते कळत नाही. मूत्रपिंडासाठीचीच सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी स्नायूंवर इतकी अवलंबून नसते, म्हणून अशा पेशंटमध्ये दोन्ही मिळून बघणं जास्त खात्रीचं. थायरॉइड, स्टेरॉइड, शरीरातला दाह यांचा तिच्यावरही परिणाम होतो, हे अर्थात तुम्हाला ठाऊक आहेच. बाईंच्या बाबतीत 'तरुणांसारख्या' रिपोर्टमागे किती वाटा चांगल्या मूत्रपिंडाचा आणि किती वाळलेल्या स्नायूंचा, हे कुणीच पाहिलेलं नव्हतं.

याची दुसरी बाजू जास्त त्रासदायक आहे. अडुसष्टीचे एक गृहस्थ माझ्याकडे वजनाचे व्यायाम करू लागले. आयुष्यात कधी न केलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वार्षिक तपासणी करून घेतली. लिव्हरच्या तपासणीतली एन्झाइम्स, एसजीओटी वर, एसजीपीटी वर, आणि स्नायूंतून रक्तात येणारी सीपीके तर लॅबने लाल करावी इतकी. त्यांना सांगण्यात आलं की लिव्हरवर सूज दिसते आहे, व्यायाम बंद. सोनोग्राफी झाली, कोलेस्टेरॉलची गोळी थांबवली, पंधरा दिवस विश्रांती. 'दोन दिवसांपूर्वी काही वेगळं केलं होतंत का?' हा एक प्रश्न कुणी विचारला नाही. २००८ साली एक छोटा पण बोलका अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. वजन उचलायची सवय नसलेल्या १५ निरोगी पुरुषांकडून तासभर वजनांचा व्यायाम करून घेतला, तर सीपीके, मायोग्लोबिन हे स्नायूंतलं प्रथिन आणि तथाकथित 'लिव्हरची' एन्झाइम्स निदान सात दिवस चढलेली राहिली. ती निरोगी माणसं होती. एसजीओटी आणि एसजीपीटी दोन्ही स्नायूंतही असतात. गॅमा जीटी आणि बिलिरुबिन हे लिव्हरच्या तपासणीतले दुसरे आकडे जागच्या जागी असतील आणि सीपीके वर असेल, तर बोट आधी स्नायूकडे दाखवायला हवं आणि आठवडाभराने नमुना पुन्हा घ्यायला हवा. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, चालू असलेल्यांत तर हे फारच काळजीने करायला हवं, कारण तिथे खरा दोष गोळीचाही असू शकतो. पण तो गोळीचा की व्यायामाचा हे न विचारताच दोन्ही बंद केली, तर उत्तर कधीच मिळत नाही. ते गृहस्थ परत आले ते बऱ्याच काळाने, आणि मनात भीती घेऊन. व्यायाम केला की लिव्हर बिघडतं, ही समजूत मी अजून त्यांच्या डोक्यातून पूर्ण काढू शकलेलो नाही.

आजकाल रक्तावरून 'जैविक वय' काढून देणाऱ्या तपासण्यांची चलती आहे, आणि पेशंट तेही कागद फाईलला लावून आणतात. यातलं एक गाजलेलं सूत्र, फेनोएज, २०१८ साली मॉर्गन लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, ग्लुकोज, सीआरपी (दाहाची खूण), लिम्फोसाइटचं प्रमाण, तांबड्या पेशींचं आकारमान, त्या आकारांतली तफावत, अल्कलाइन फॉस्फटेज आणि पांढऱ्या पेशी असे नऊ आकडे आणि त्यांत खरं वय. हजारो माणसांच्या गटाला लावलं तर सूत्र चांगलं काम करतं. पण बाकी सगळं तेच राहून नुसतं क्रिएटिनिन उतरलं, तर हे सूत्र माणसाला 'तरुण' ठरवतं. म्हणजे स्नायू घालवले तर वय कमी! गंमत म्हणून ठीक आहे, पण एकेका पेशंटला अशा आकड्यावरून धीर देणं किंवा घाबरवणं मला पटत नाही.

दाहाच्या बाबतीतही असाच घोळ आहे, आणि तो जास्त रंजक आहे. इटलीतले क्लाउडिओ फ्रान्सेस्की यांनी २००० साली मांडलं की म्हातारपणात शरीरात मंद, कायमचा दाह धुमसत राहतो. आयएल-६, टीएनएफ, सीआरपी हे दाहाशी निगडित रेणू सगळे थोडेथोडे चढलेले असतात, आणि मधुमेह, हृदयविकार, स्नायूंची झीज यांची मुळं त्यात गुंतलेली असतात. यावरून कुणीही म्हणेल की आयएल-६ वाईट. पण कोपनहेगनमधल्या बेंटे क्लार्लुंड पेडरसन यांच्या गटाने दाखवलं की दीर्घ आणि जोरदार व्यायाम करताना आकुंचन पावणारा स्नायू स्वतःच आयएल-६ रक्तात सोडतो. काही वेळा तर विश्रांतीच्या शंभरपट. आणि त्यामागोमाग दाह शमवणारी आयएल-१० आणि आयएल-१ आरए ही द्रव्यं वाढतात, टीएनएफला लगाम बसतो. काही तासांत सगळं पूर्ववत. तोच रेणू दिवसरात्र थोडा चढलेला राहिला तर आजाराची खूण, आणि तासाभरासाठी उसळून खाली आला तर स्नायू कामाला लागल्याची. त्यामुळे नमुना कधी घेतला याला अर्थ आहे. जोराच्या व्यायामानंतरचे एक-दोन दिवस टाळून रक्त दिलेलं बरं, एवढी सूचना उपाशीपोटी येण्याच्या सूचनेशेजारी छापायला लॅबना काही अडचण नसावी. हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर आला तर त्यावरून हृदयाचा धोका ठरवू नये, आधी सर्दी-ताप-दाताचं दुखणं ओसरू द्यावं आणि मग पुन्हा बघावं, हे तर तुम्ही करताच.

मग नियमित व्यायामाने ज्येष्ठांच्या रक्तात नक्की काय बदलतं? प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळं बदलत नाही, आणि जे बदलत नाही त्याची ग्वाही देऊन आपण पेशंटचा विश्वास घालवतो. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, चांगली उतरतात. एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, वाढतं, पण थोडं. एकत्रित विश्लेषणांत वाढ सरासरी डेसिलिटरमागे अडीच मिलिग्रॅमच्या आसपास भरते. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, व्यायामाला फारसं दाद देत नाही, तिथे आहार आणि औषध हेच खरं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ७० ते ८९ वयाच्या ४२४ माणसांपैकी निम्म्यांना वर्षभर व्यायाम दिला; त्यांचा आयएल-६ दुसऱ्या गटापेक्षा कमी राहिला, सीआरपीत मात्र फरक दिसला नाही. वजन न घटता नुसत्या व्यायामाने सीआरपी उतरेल असं म्हणूनच मी कुणाला सांगत नाही.

सगळ्यात भरवशाचा बदल दिसतो तो साखरेत. आकुंचन पावणारा स्नायू ग्लुकोज आत घेण्यासाठी इन्सुलिनची वाट बघत नाही. ग्लुट-४ हे वाहक प्रथिन त्याच्या पेशींच्या पृष्ठभागावर आपणहून येतं. शिवाय व्यायाम संपल्यावरही एक-दोन दिवस स्नायू इन्सुलिनचं नीट ऐकतो. म्हणून तर मधुमेह्यांनी सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पाडू नये असं सांगतात. रविवारी दोन तास चालून आठवड्याची भरपाई होत नाही, ती याच कारणाने. आणि रक्तातली साखर जिला चिकटते त्या तांबड्या पेशीचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं, त्यामुळे आज सुरू केलेल्या व्यायामाचा हिशेब तीन महिन्यांच्या सरासरीत, म्हणजे एचबीए१सीमध्ये, पूर्ण उमटायला तेवढा काळ लागतो. तीन आठवड्यांत रिपोर्ट काढून 'काही फरक नाही' म्हणणारे पेशंट मी बरेच पाहिले आहेत. त्यांना ही एक गोष्ट आधी कुणी सांगितली असती तर ते टिकले असते.

आणि आता 'रोज चालणे' या ओळीकडे येतो. २०११ साली जामा या नियतकालिकात टाइप-२ मधुमेहावरच्या ४७ चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं. ज्यांना आखून दिलेला, कुणाच्या तरी देखरेखीखालचा व्यायाम मिळाला त्यांचा एचबीए१सी सरासरी ०.६७ टक्का-अंकाने उतरला. आठवड्याला १५० मिनिटांहून जास्त करणाऱ्यांचा ०.८९ ने, त्याहून कमी करणाऱ्यांचा ०.३६ ने. एखाद्या गोळीच्या तोडीचा हा परिणाम आहे. आणि ज्यांना नुसता सल्ला मिळाला? सल्ल्याबरोबर आहाराचंही मार्गदर्शन असेल तर काही फरक पडला; आहाराशिवायच्या कोरड्या सल्ल्याने एचबीए१सी हलला नाही. म्हणजे केसपेपरच्या तळाशी आपण जे लिहितो, नेमकं तेच तपासून पाहिलं गेलं आहे आणि ते चाललं नाही. कुठल्याही औषधाच्या बाबतीत असा निष्कर्ष आला असता तर तुम्ही ते औषध त्याच पद्धतीने लिहिणं केव्हाच थांबवलं असतं.

चालणं वाईट नाही. पण ते पुरत नाही, आणि ज्येष्ठांत तर मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांवरच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आहे, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. त्याच सूचनांतलं, दोन किंवा जास्त दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि तीन किंवा जास्त दिवस तोल व ताकद यांचा एकत्र सराव, हे मात्र कुणाच्याच केसपेपरवर उतरत नाही. 'या वयात वजनं?' हा प्रश्न मला पेशंट विचारतात तेव्हा मी समजू शकतो. डॉक्टर विचारतात तेव्हा मी १९९० कडे बोट दाखवतो. त्या वर्षी मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या सरासरी ९० वर्षांच्या, अशक्त अशा दहा जणांना आठ आठवडे पायांचे चांगले जड व्यायाम दिले. मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. चार वर्षांनी त्यांनीच १०० जणांवर मोठी चाचणी केली, सरासरी वय ८७, दहा आठवडे. ताकद ११३ टक्क्यांनी वाढली. उलट दिशेचा आकडाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. २००७ मध्ये सरासरी ६७ वर्षांच्या १२ निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर पायांचं जवळजवळ एक किलो चरबीविरहित वजन गेलं. ही माणसं आजारी नव्हती. न्यूमोनिया होऊन दहा दिवस कॉटवर पडलेल्या सत्तरीच्या माणसाचं काय होत असेल ते तुम्ही ताडू शकता. डिस्चार्जच्या कागदावर औषधांची यादी असते; घालवलेले स्नायू परत कसे मिळवायचे याचं एक अक्षर नसतं.

पाय तपासायला यंत्र लागत नाही. हात घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा, घड्याळ लावून. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायूंची झीज असावी असं धरून पुढची तपासणी करायची. सव्वा मिनिटात, पेशंटचा रक्तदाब घेण्याआधी, हे उरकतं. जमल्यास हाताची पकडही मोजा: पुरुषांत २८ किलोच्या खाली, स्त्रियांत १८ च्या खाली म्हणजे कमी. पकडीला कमी लेखू नका. १७ देशांतल्या सुमारे १,४०,००० माणसांवरच्या प्युअर अभ्यासात, जो २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, पकड दर ५ किलोने कमी असेल तसा मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला, आणि मृत्यूचा अंदाज बांधण्यात ती वरच्या रक्तदाबालाही सरस ठरली. पकड वाढवली की आयुष्य वाढतं असं यातून सिद्ध होत नाही. पकड ही खूण आहे, कारण असेलच असं नाही. पण खूण म्हणून ती तुमच्या अर्ध्या अधिक तपासण्यांपेक्षा स्वस्त आणि बोलकी आहे.

व्यायामाची वारेमाप जाहिरात मलाही खटकते. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये ७० ते ७७ वयाच्या १,५६७ जणांवर पाच वर्षं चाललेल्या चाचणीत, देखरेखीखाली व्यायाम करणारे दोन गट मिळून आणि तुलनेचा गट यांच्या मृत्यूदरात फरक पडला नाही. तुलनेचा गटही मुळात बऱ्यापैकी व्यायाम करत होता, हे त्याचं एक कारण. आयुष्याची वर्षं वाढतील असं वचन मी म्हणून देत नाही. पण अमेरिकेतल्या लाइफ चाचणीत, ७० ते ८९ वयाच्या १,६३५ जणांत, सरासरी २.६ वर्षांत ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावणाऱ्यांचं प्रमाण व्यायामाच्या गटात ३०.१ टक्के आणि नुसतं आरोग्यशिक्षण मिळालेल्या गटात ३५.५ टक्के होतं. माझ्याकडे येणाऱ्या माणसांना विचाराल तर त्यांना हेच हवं असतं. शंभरी गाठायची नसते, संडासला कुणाला हाक न मारता जायचं असतं.

तेव्हा विनंती एवढीच: व्यायाम औषध लिहिता तसाच लिहा. 'खुर्चीतून हात न लावता उठणे-बसणे, ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून दोन ते तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. सोपं झालं की हातात वजन घेणे. चालणे ३० मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, इतक्या वेगाने की बोलता येईल पण गाता येणार नाही.' हृदयाचे ठोके मंदावणारी बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर नाडीचे ठोके मोजून जोर ठरवता येत नाही, तिथे ही बोलण्या-गाण्याची खूण फार उपयोगी पडते. ज्याला उठताच येत नाही त्याच्यासाठी उंच खुर्चीपासून सुरुवात, किंवा आम्ही आहोतच. पुढच्या भेटीची तारीख टाका आणि त्या भेटीत एचबीए१सीच्या शेजारी पाच उठा-बशांचे सेकंद लिहा. लॅबला नमुना पाठवताना 'गेल्या आठवड्यात नवा व्यायाम सुरू केला का' ही एक चौकट भरा.

आणखी एक, आणि हे फक्त तुम्हीच करू शकता. छातीत दुखणं, चालताना लागणारी धाप, महाधमनीच्या झडपेचा आजार, डोळ्यांच्या पडद्याची मधुमेहातली बिघाडाची अवस्था हे बघून व्यायामाला हिरवा कंदील तुम्हीच द्यायचा. आणि दिल्यावर औषधांकडे परत बघायचं. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया (साखर उतरवणाऱ्या गोळ्या) घेणारा माणूस खरोखर व्यायामाला लागला की त्याची साखर उतरते, कधी रात्री झोपेत उतरते. रक्तदाबाच्या गोळ्या तितक्याच राहिल्या तर व्यायामानंतर उठताना चक्कर येते, माणूस पडतो, आणि घरचे व्यायामच बंद करतात. पहिल्या महिन्यात अशा पेशंटला दर आठवड्याला साखरेचे आणि रक्तदाबाचे आकडे कळवायला सांगा आणि डोस कमी करायची तयारी ठेवा. आमच्याकडून त्याच्या व्यायामाची नोंद तुम्हाला दर वेळी लेखी पाठवायला मी आणि माझे सहव्यवसायी तयार आहोत. ती फाईलमध्ये रिपोर्टच्या वरच लावा.

आपला,
एक फिजिओथेरपिस्ट